निःशुल्क हृदयाघात प्रवचन

उमाशंकरजींच्या छातीत जे दुखलं, त्याला सगळ्या गल्लीनं एकमतानं गॅस ठरवलं. उमाशंकरजी स्वतःच म्हणाले, गॅस है. त्यांच्या पत्नीनं ओवा आणि काळं मीठ दिलं. समोरच्या फत्तेसिंगांनी, जे तरुणपणी आखाड्यात जात आणि अजूनही तिथून परत आल्यासारखे वाटत नाहीत, पाठीत बुक्क्या घालून गॅस मोकळा करून पाहिला. शेजारचे खंडोजीराव फणसे त्या वेळी बाजारात गेले होते म्हणून त्यांचं मत घ्यायचं राहिलं. घेतलं असतं तर त्यांनीही गॅसच म्हटलं असतं, पण हे त्यांनी पुढे कधीही मान्य केलं नाही.

दुपारी डावा हात जड पडला, बनियान घामानं भिजलं, तेव्हा कुठे उमाशंकरजींना ऑटोत घालून इस्पितळात नेलं आणि तिथून इंदूरला. ते वाचले. पण डॉक्टरांनी सांगितलं, की सकाळीच आणलं असतं तर हृदयाचा जो भाग आता कायमचा दुबळा झालाय, तो झाला नसता. त्यांना भेटायला इंदूरला गेलेले खंडोजीराव हे ऐकून धारला परतले ते वेगळाच माणूस होऊन. आपल्या ओळखीत यापुढे एकाही इसमाचं हृदय गॅस म्हणून खपू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि खंडोजीरावांनी एखादी गोष्ट ठरवली, की ती आधी त्यांच्या पत्नीला, बकुळाबाईंना, भोगावी लागे.

खंडोजीराव जलसंसाधन खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. सगळी हयात पंप, झडपा आणि कालव्यांत गेलेली. त्यामुळे हृदयाचं पुस्तक हातात पडल्यावर त्यांना परदेशात गावचा माणूस भेटावा तसा आनंद झाला. अरे, हा तर आपलाच विषय. पाइपात गाळ साचला, पाणी कमी पडलं, की चालताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं. ही झाली पूर्वसूचना. पाइप पुरता तुंबला की झटका. वायरिंगमध्ये बिघाड असेल तर ठोके सैरावैरा धावतात, माणसाला भोवळ येते. झडप नीट मिटत नसेल तर पाणी उलटं फिरतं, दम लागतो. आणि पंपच थकला तर पाणी खाली साचतं. पाय सुजतात, आडवं झालं की श्वास कोंडतो. डॉक्टर मंडळी हे साधं प्रकरण इतकी वर्षं लॅटिनमध्ये का सांगत होती, हे त्यांना कळेना.

त्यांनी गल्लीत नजर ठेवायला सुरुवात केली. फत्तेसिंगांचे पाय सुजलेले दिसले म्हणून त्यांना भर रस्त्यात ओट्यावर बसवून घोट्यांत अंगठा दाबून पाहिला. सूज नव्या जोड्यांची निघाली. धारेश्वराच्या मंदिराच्या पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्या एका अनोळखी बाईंना त्यांनी नाडी विचारली, तर बाईंच्या मुलानं त्यांनाच त्यांचा पत्ता विचारला. पण माणसं अशी एकेक करून किती वाचवणार? ठोक काम करायला हवं होतं. खंडोजीरावांनी शिबिर घ्यायचं ठरवलं.

गल्लीतल्या लोकांनी सल्ल्यांची कसर ठेवली नाही. कुणी म्हणालं चहा ठेवा, नाहीतर कुणी येणार नाही. कुणी म्हणालं चहा ठेवू नका, नाहीतर सगळे येतील. उमाशंकरजी हृदयरोगाचा जिवंत नमुना म्हणून मंचावर बसायला तयार झाले, फक्त त्यांना हार हवा होता. मग खंडोजीराव परवानगी काढायला आरोग्य कार्यालयात गेले.

तिथले बाबू सभ्य होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "शिविर लिखा है आपने. शिविर में डॉक्टर लगेगा."

"डॉक्टर नाही... नहीं है. मैं समझाऊँगा."

"आप डॉक्टर हैं?"

"मैं पंप का आदमी हूँ."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो शिविर मत लिखिए. व्याख्यान लिखिएगा तो वक्ता की योग्यता पूछेंगे. कार्यशाला लिखिएगा तो साहब आएँगे, और साहब दौरे पर हैं." मग त्यांनाच दया आली. "प्रवचन लिख दीजिए. प्रवचन में कोई कुछ नहीं पूछता."

खंडोजीरावांच्या शास्त्रीय बुद्धीला हे लागलं, पण कालव्याला वळण द्यावंच लागतं हे ते जाणून होते. अडचण इतकीच, की बॅनर आधीच छापून आलं होतं. छापणाऱ्यानं 'हृदयाघात जागरूकता' यातली जागरूकता जागा पुरेना म्हणून गाळली होती आणि मोठ्या लाल अक्षरांत 'निःशुल्क हृदयाघात शिविर' असं छापलं होतं. हे पाहून बकुळाबाई म्हणाल्या, की फुकट असलं तरी येणार कोण. आता त्यातल्या शिविरवर कागद चिकटवून प्रवचन लिहिलं गेलं, आणि 'निःशुल्क हृदयाघात प्रवचन' हे बॅनर मंदिराच्या सभामंडपावर झळकू लागलं.

नेमकं त्याच दिवशी देवासचं जगदाळे कुटुंब धारला यायचं होतं. खंडोजीरावांची मुलगी शिवांगी आणि जगदाळ्यांचा यशराज दोघंही इंदूरला एकाच कंपनीत नोकरीला, तिथेच त्यांचं जुळलं होतं, आणि दोन्हीकडच्या मंडळींनी ते आपणच जुळवल्याचा आव आणून मान्य केलं होतं. मुलाचे वडील दत्ताजीराव देवासच्या कोर्टात वकील. बोलणं कमी, पण ऐकून घेणं त्याहून कमी. त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणजे उलट प्रकार. त्या बोलू लागल्या की ऐकणाऱ्याला मध्येच जेवून येता येई. साखरपुड्याची तारीख ठरवायला ही मंडळी आली, ती थेट सभामंडपात पहिल्या रांगेत बसवली गेली.

मागे भरपूर गर्दी होती, पण सगळी प्रवचनाची. म्हाताऱ्या बायका जपमाळा घेऊन आल्या होत्या. एक भजनी मंडळ टाळ घेऊन आलं होतं. खंडोजीरावांनी "आपल्या सर्वांच्या हृदयात जो अखंड चालतो" अशी सुरुवात करताच टाळ वाजले. "तो पंप" हा शब्द त्यात बुडाला.

तरी ते डगमगले नाहीत. झडपा झाल्या, वायरिंग झालं, आणि मग प्रत्यक्ष झटका कसा येतो ते दाखवायची वेळ आली. खंडोजीरावांनी छाती धरली, चेहरा पिळवटला, डावा हात लोंबता सोडला आणि मंचावर कोसळले. इतकं हुबेहूब, की हारातले उमाशंकरजी घाबरून उभे राहिले. "भिया, ये तो सच्ची में गया," असं ते म्हणाले, आणि ते शब्द फत्तेसिंगांच्या कानी पडले. बेशुद्ध माणसाची छाती दाबायची असते हे खंडोजीरावांनीच त्यांना आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. कितपत जोरानं, तर "जीव तोडून," असं सांगितलं होतं. फत्तेसिंग मंचावर चढले आणि त्यांनी जीव तोडून दाबलं.

खंडोजीराव ओरडत होते, पण ओरडणारा माणूस शुद्धीवर असतो हा भाग शिकवायचा राहिला होता.

चार जणांनी फत्तेसिंगांना ओढून काढलं. बरगडी मुका मार खाऊन सुजली होती. आणि अशा अवस्थेत, पडल्या पडल्या, खंडोजीरावांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. दत्ताजीराव घामानं डबडबले होते. हात छातीवर होता. चेहरा पांढरा. खंडोजीरावांनी उताणं असतानाच बोट दाखवलं आणि म्हणाले, "त्यांना धरा."

दत्ताजीराव म्हणत होते, की होणारा व्याही डोळ्यांदेखत मेला असं वाटलं तर घाम येणारच. ऐकतो कोण? फत्तेसिंगांनीच त्यांना उचललं. इस्पितळात कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासलं, सगळं उत्तम. डॉक्टरांनी विचारलं सकाळी काय खाल्लं, तर वाटेत कचोऱ्या खाल्ल्या होत्या. "गॅस है," डॉक्टर म्हणाले.

बातमी मात्र देवासला दत्ताजीरावांच्या आधी पोचली. त्यांना अटॅक आला म्हणून खातेगांवच्या आत्याबाई सफरचंदं घेऊन आल्या, टोंकखुर्दहून चुलतभाऊ आले, कोर्टात दोन पक्षकारांनी हळूच दुसरा वकील केला. दत्ताजीरावांनी लग्न मोडलं नाही. फक्त फोनवर एकच वाक्य बोलले, "खंडोजीराव, साखरपुड्याला आपण व्याही म्हणून यावं, वैद्य म्हणून नको."

हे वाक्य बकुळाबाईंनी आदेशासारखं अमलात आणलं. देवासच्या वाटेवर गाडीत त्यांनी नवऱ्याला बजावलं, "आज तुमच्या तोंडून छाती, नाडी, ठोका, दम आणि घाम यांतला एकही शब्द निघता कामा नये. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." बरगडी अजून दुखत असल्यामुळे खंडोजीरावांना उसासाही टाकता आला नाही.

साखरपुडा देवासच्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर. खाली बँड, वर सनई. माघातली गुलाबी थंडी. मालनबाई पैठणी नेसून जिन्यात स्वागताला उभ्या होत्या. म्हणजे उभ्या असायला हव्या होत्या. त्या बसल्या होत्या. वरमाईसाठी आणलेल्या लाल मखमलीच्या खुर्चीत, खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ओढून.

"या, व्याहीसाहेब," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. खंडोजीराव पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. मालनबाईंचं पुढचं वाक्य आलं नाही. त्यांच्या ओळखीत हे प्रथमच घडत होतं.

खंडोजीरावांनी मान दुसरीकडे वळवली. आपण आज व्याही आहोत, असं स्वतःला सांगितलं. नारळ घेतला, फेटा बांधून घेतला, सरबत प्यायलं. पण नजर फिरून फिरून मखमलीच्या खुर्चीकडे जात होती. मालनबाई जबडा चोळत होत्या.

"काय झालं हो विहीणबाई?" बकुळाबाईंनी विचारलं.

"काही नाही, सकाळपासनं जबडा ठणकतोय. अक्कलदाढ असेल."

"आता कुठे येतेय," दत्ताजीराव म्हणाले, आणि सगळे हसले. मालनबाई हसल्या नाहीत. हसायला लागणारा वारा त्यांच्यापाशी नव्हता, असं खंडोजीरावांना वाटलं.

ते सहज गेल्यासारखे जवळ गेले. बंदी घातलेले शब्द टाळून काय विचारता येईल याचा विचार करत म्हणाले, "विहीणबाई, आपण रोज टेकडी चढता, असं ऐकलं होतं."

"चढत होते. महिना झाला, अर्ध्यावरच जीव नकोसा होतो. बसलं की ठीक. म्हणून आताशा रोपवेनं जाते. मेली लाज वाटते." मग त्यांनी पाठ खुर्चीला दाबली. "पाठीतही भरून आलंय. कालचा उपास बाधला. मळमळतंय."

त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. डोक्यावर पंखा बंद होता, कारण थंडी होती. खातेगांवच्या आत्याबाई शाल पांघरून बसल्या होत्या.

झटका येताना बायकांना नेहमीच छातीत कळ येईल असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, गार घाम, विलक्षण थकवा, यांतूनही तो येतो, आणि त्याला उपास, दाढ, दगदग अशी घरगुती नावं पडतात. पुस्तकातलं ते सगळं पान पैठणी नेसून समोर बसलं होतं. फत्तेसिंगांबरोबर धारहून आलेल्या उमाशंकरजींना खंडोजीरावांनी बाजूला घेतलं. ज्याला झटका आलाय त्याला तरी कळेल.

उमाशंकरजींनी लांबूनच निरीक्षण केलं. "नहीं भिया. मेरे को तो छाती में हुआ था. इनको जबड़े में है. दाँतवाले को दिखाओ."

मग खंडोजीराव दत्ताजीरावांकडे गेले आणि बकुळाबाईंचा आदेश मोडून, हलक्या आवाजात, सगळं सांगितलं. छाती, दम, घाम, सगळे शब्द वापरून सांगितलं.

दत्ताजीरावांनी हात जोडले. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "खंडोजीराव, मागच्या खेपेला तुम्ही मला मारलंत, मी काही बोललो नाही. आज हिला मारू नका. सगळे नातेवाईक बघतायत. अंगठ्या होऊ द्या, जेवणं होऊ द्या, उद्या सकाळी मी स्वतः तिला दाखवून आणतो."

"उद्या सकाळी उशीर होईल."

"तुम्हाला माझ्या वेळीही अशीच खात्री होती," दत्ताजीराव म्हणाले.

ते खरंच होतं. खात्री तेव्हाही होती, आणि आताही तेवढीच होती, आणि दोन खात्र्यांत फरक कसा करायचा हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पुन्हा कचोरी निघाली, तर शिवांगीचं लग्न गेलं. नाही निघाली आणि आपण गप्प बसलो, तर मग लग्न राहूनही काय उपयोग? ते तसेच जिना उतरले, गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. आधी चौकातल्या इस्पितळाला फोन केला. पलीकडच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चालवू नका, जिना उतरू देऊ नका, तुम्ही अगदी शेजारी आहात तेव्हा ॲम्ब्युलन्सची वाट न बघता उचलून आणा.

उचलून आणा. पण ज्या बाईला आपल्याला काही झालेलं नाही असं वाटतं, तिला उचलायचं कसं?

बकुळाबाई धावत खाली आल्या. "अहो, मुहूर्त टळतोय. इथे काय करताय?"

"मी रुसलोय," खंडोजीराव म्हणाले.

"काय?"

"वर सांग, व्याही रुसले आहेत. विहीणबाईंनी स्वतः या गाडीत बसून चौकातल्या इस्पितळात एक कार्डिओग्राम काढल्याशिवाय मी अंगठी घालू देणार नाही."

बकुळाबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. लग्नकार्यात रुसायचं ते मुलाकडच्यांनी. कुणाला शेला हलका वाटतो, कुणाला पहिली पंगत मिळत नाही. मुलीच्या बापानं रुसण्याची प्रथाच नव्हती. मुलीच्या बापानं रुसलेल्यांच्या मागे नारळ घेऊन हिंडायचं. ही बातमी वर पोचली तेव्हा सनई थांबली. खातेगांवच्या आत्याबाई म्हणाल्या, की असला प्रकार आमच्या घराण्यात कुणी पाहिला नाही, आणि तो पाहायला गॅलरीत आल्या. त्यांच्यामागे सगळे आले. खंडोजीराव काच वर करून, फेटा छताला टेकलेला, समोर बघत बसून राहिले. इतका अपमान त्यांनी नोकरीतही सोसला नव्हता, आणि तिथे सोय चांगली होती.

शेवटी शिवांगी आली. साडीच्या निऱ्या हातात धरून, डोळे भरलेले. ती काचेवर टकटक करून म्हणाली, "आबा, प्लीज. हे लोक नाराज होऊन राहिलेत. रिश्ता टूट जाएगा."

खंडोजीरावांनी काच खाली केली. "शिवांगी, मागच्या वेळी मी चुकलो होतो. आजही चुकलो असेन तर तू मला जन्मभर बोल, मी ऐकून घेईन. फक्त एक कर. वर जा, सासूबाईंचा हात हातात घे. तो कोरडा आणि गरम असेल तर मला सांग, मी उतरतो आणि सगळ्यांची माफी मागतो. गार आणि ओला असेल, तर मला सांगायला येऊ नकोस. त्यांनाच घेऊन ये. आणि चालवू नकोस."

ती गेली. गाडीत बसून खंडोजीरावांना वरचं काही दिसत नव्हतं. बरगडी ठणकत होती. उजव्या हाताच्या बोटांनी त्यांनी स्वतःची नाडी धरली होती, आणि ती बेशिस्त चालली होती.

वर काय झालं ते नंतर यशराजनं सांगितलं. शिवांगी मालनबाईंजवळ बसली, हात हातात घेतला. मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "यश, चेअर उठाओ."

मालनबाई म्हणाल्या, "अगं, मला काही झालं नाही. पण चला, त्यांचा रुसवा तर काढायला हवा. एवढा मोठा माणूस गाडीत बसलाय." त्या उठायला गेल्या आणि परत बसल्या. तेव्हा दत्ताजीरावांचा चेहरा उतरला. एका बाजूनं यशराज, दुसऱ्या बाजूनं फत्तेसिंग, मखमलीची खुर्ची उचलली गेली आणि वरमाई पालखीत बसावी तशी जिना उतरू लागली. खाली बँडवाल्यांना वाटलं, जगदाळ्यांकडची ही काही खास रीत असणार. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. आत्याबाईंनी वरून अक्षता टाकल्या. अशा थाटात मालनबाई गाडीपाशी आल्या आणि सीटवर टेकताच त्यांनी डोळे मिटून घेतले. "व्याहीसाहेब," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "झालं समाधान?"

"अजून नाही," खंडोजीराव म्हणाले. "आता बोलू नका."

इस्पितळात डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी पाहिली आणि पहिल्यांदाच कुणी गॅस हा शब्द उच्चारला नाही. त्यांनी भराभर इंजेक्शनं मागवली, गोळ्या चघळायला दिल्या, इंदूरला फोन लावला. झटका चालूच होता. दत्ताजीरावांकडे वळून ते म्हणाले, "सही समय पर ले आए. कुछ देर और होती तो मैं कुछ नहीं कह सकता था."

दत्ताजीराव बाकावर खंडोजीरावांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी खंडोजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. दुखऱ्या बाजूचा खांदा होता. खंडोजीरावांनी तो मागे घेतला नाही.

मालनबाईंची इंदूरला अँजिओप्लास्टी झाली. अंगठ्या वॉर्डातच घातल्या गेल्या, कारण मुहूर्त वाया गेलेला त्यांना खपत नव्हता. जरा बोलता येऊ लागल्यावर त्यांनी सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, आणि ती ऐकायला खंडोजीराव खुर्ची ओढून, जरा ताठ होऊन बसले. हकिगत अशी होती, की मालनबाईंना सकाळपासूनच संशय आला होता. जबडा, पाठ, मळमळ, गार घाम, हे दाढेचं लक्षण नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पण पाहुण्यांसमोर सांगायचं कसं? नेमके व्याही रुसले, त्यांची समजूत काढायला खाली उतरावं लागलं, आणि त्या निमित्तानं आपण इस्पितळात जाऊन आलो.

खंडोजीरावांनी बकुळाबाईंकडे पाहिलं. बकुळाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

ही हकिगत फोनवरून देवासभर झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मालनबाई ती पहिल्यापासून सांगत. जबडा कसा ठणकला, पाठ कशी भरली, घाम कसा गार होता, टेकडीवर महिनाभर दम कसा लागत होता. दर खेपेला लक्षणं अधिक नेमकी होत गेली. खंडोजीरावांच्या वर्मी लागलं होतं खरं. मग चैत्रात मालनबाईंच्या टोंकखुर्दच्या चुलतजावेनं भाकऱ्या थापताना परात बाजूला सारली आणि मुलाला म्हणाली, मालनताईंना झालं होतं तसंच होतंय, गाडी काढ. तीही वाचली. डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठे शिकलात, तर ती म्हणाली, फोनवर.

खंडोजीरावांनी हे ऐकलं. मग बकुळाबाईंना म्हणाले, की मालनबाईंना बोलताना मध्ये अडवत जाऊ नकोस.

लग्न वैशाखात झालं. मालनबाई नव्या पैठणीत, औषधं वेळेवर घेऊन, मांडवभर फिरत होत्या. खंडोजीराव एका खांबापाशी उभे होते, तर खातेगांवच्या आत्याबाई पाचसहा बायकांना घेऊन त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"हेच ते," आत्याबाई म्हणाल्या. "साखरपुड्याला रुसून गाडीत बसले होते ते. मुलीचे वडील."

बायकांनी त्यांना नखशिखान्त पाहून घेतलं. त्यांतली एक धीट होती. "कशावरनं रुसला होता हो?"

खंडोजीरावांनी पलीकडे पाहिलं. मालनबाई पंगतीच्या टोकाला उभ्या राहून कुणाला तरी जबडा दाखवून काही समजावत होत्या. न थांबता, एका श्वासात.

"फेटा हलका दिला होता," ते म्हणाले.

"बाई, बाई. एवढ्यासाठी? विहीणबाई भल्या म्हणून सांभाळून घेतलं."

"खरं आहे," खंडोजीराव म्हणाले. "फार भल्या आहेत. असू देत पुष्कळ वर्षं."